जेवणानंतरचं पेपरमिंट चॉकलेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जेवण झाल्यावर खायच्या पातळ पेपरमिंट चॉकलेटांबद्दल पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. घरी करून पाहिलेल्या आणि फसलेल्या वाचकांची पत्रं जास्त होती, म्हणून त्या भागाला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : भाचा इंग्लंडहून येताना गडद हिरव्या खोक्यातली चौकोनी चॉकलेटं आणतो. प्रत्येक वडी काळसर कागदाच्या छोट्या पाकिटात असते. ही कधीपासून निघाली, आणि नावात ‘आठ’ कशासाठी? (सदाशिव पेठ)

ती ‘आफ्टर एट’. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या राउनट्री कंपनीनं १९६२ मध्ये ती बाजारात आणली. नावातले आठ म्हणजे रात्रीचे आठ. पाहुणे जेवून उठले, की कॉफीबरोबर पुढे करायची वस्तू, हे कंपनीनं नावातच सांगून टाकलं. तोवर बहुतेक चॉकलेटं भेट म्हणून किंवा येता-जाता खायला विकली जात. ‘आफ्टर एट’नं मात्र दिवसातली एक वेळच आपल्या नावावर केली. खोक्यावरचं घड्याळ, गडद हिरवा रंग, एकेक पाकीट उपसून वडी काढायची रीत, सगळं त्या वेळेशी जोडलेलं आहे. पुढे १९८८ मध्ये नेस्लेनं राउनट्री विकत घेतली. उत्पादन त्याआधीच यॉर्कहून कॅसलफर्डला गेलं होतं आणि २०१२ पासून ते हॅलिफॅक्सला होतं.

चॉकलेट आणि पेपरमिंट ही जोडी मात्र त्याहून जुनी आहे. ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये खायच्या चॉकलेटची वडी काढली आणि १८६६ मध्ये आत पांढरं साखरेचं क्रीम असलेली वडी. त्याच क्रीममध्ये पेपरमिंट घातलेला प्रकारही पुढे आला. लंडनच्या बेंडिक्सनं १९३१ मध्ये अतिशय कडू चॉकलेटातली जाड ‘बिटरमिंट’ काढली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी १९४० मध्ये ‘यॉर्क पेपरमिंट पॅटी’ सुरू झाली. हे यॉर्क वेगळं, पण योगायोग असा की तो ब्रँडही १९८८ मध्येच हर्शी कंपनीकडे गेला.

या सगळ्यांत ‘आफ्टर एट’ उठून दिसते ती तिच्या पातळपणामुळे. एक वडी जेमतेम ८ ग्रॅमची. पोटभर जेवलेला माणूसही तिला नाही म्हणत नाही. आमच्या मते तिच्या यशाचं निम्मं श्रेय या पातळपणालाच आहे, आणि घरी करतानाही सगळी धडपड तेवढ्यासाठीच करायची असते.

प्रश्न : अमेरिकेहून येणारी लांबट, हिरव्या चकचकीत कागदातली छोटी वडी हीच का? तिच्यावर ‘क्रेम द मेंथ’ लिहिलेलं असतं. ते मद्य आहे असं कळलं. घरात कोणी घेत नाही, तर खावी का? (कोथरूड)

ती ‘अँडीज’. शिकागोत १९२१ मध्ये जॉर्ज कॅनेलोस यांनी ‘अँडीज कँडीज’ नावाचं दुकान काढलं. तेव्हाचं स्पेलिंग ‘अँडी’ या पुरुषी नावाचं होतं. दुसऱ्या पुरुषाचं नाव छापलेलं खोकं बायकोला किंवा प्रेयसीला द्यायला गिऱ्हाइकं नाखूश होती, म्हणून स्पेलिंग बदलून ते अँडीज पर्वताचं केलं, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. वेष्टनावरचे डोंगर त्यातूनच आले. तीन थरांची ही वडी १९५० ची. २००० पासून ती टूट्सी रोल कंपनीकडे आहे.

‘क्रेम द मेंथ’ हे पुदिन्याच्या फ्रेंच मद्याचं नाव खरं, पण वडीवर ते चवीचं नाव म्हणून येतं. वडीत मद्य नसतं, तेव्हा निर्धास्त खा. दोन्हींतला फरक मात्र मोठा आहे. ‘आफ्टर एट’मध्ये आत पाझरणारं साखरेचं क्रीम असतं. ‘अँडीज’मधला हिरवा थर साखर आणि वनस्पती चरबीचा असतो, त्यामुळे तो घट्टच राहतो.

प्रश्न : आतला पाक पातळ असतो, तर त्यावर चॉकलेटचं कवच चढवतात कसं? सुईनं भरतात का? (नारायण पेठ)

सुई नाही. भरताना तो पाक नसतोच. आत घट्ट, लाटता येईल असं साखरेचं क्रीम असतं, त्याला फाँडंट म्हणतात. त्यावर चॉकलेट चढतं, वडी बंद होते, आणि मग क्रीम आतल्या आत पातळ होत जातं.

हे काम इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. ते यीस्टपासून मिळवतात, म्हणजे शाकाहारी आहे. लेबलवर आयएनएस ११०३ असा आकडा दिसला तर ते हेच. आपली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू फोडून इन्व्हर्टेज ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा एकेक रेणू तयार करतं. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम सुक्रोज विरघळतं. फुटलेल्या साखरांचं मिश्रण त्याच पाण्यात त्याहून बरंच जास्त मुरतं. म्हणजे पाणी वाढलेलं नसतं, उलट थोडं खर्चच होतं, पण न विरघळलेले स्फटिक विरघळून जातात आणि क्रीम वाहायला लागतं. याला काही दिवस ते काही आठवडे लागतात. ताजी वडी घट्ट आणि मुरलेली वडी ओलसर लागते ती यामुळे.

प्रश्न : पेपरमिंट खाल्ल्यावर तोंड गार का पडतं? खरंच तापमान उतरतं का? (औंध)

पेपरमिंटनं तापमान उतरत नाही. तोंडातल्या नसांवर टीआरपीएम-८ नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो. एरवी तो साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खालच्या गारव्याला जागा होतो. पेपरमिंटमधलं मेंथॉल त्याला चिकटलं, की नेहमीच्या तोंडाच्या उबेतही तो ‘गार आहे’ असा निरोप मेंदूला पाठवतो. पेपरमिंटनंतर साधं पाणीही बर्फासारखं लागतं ते यामुळे. हा ग्राहक २००२ मध्ये ओळखला गेला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, त्यामागच्या संशोधनात या कामाचाही वाटा आहे.

चॉकलेट मात्र खरोखर थोडं गार करतं. त्यातली चरबी, म्हणजे कोको बटर, ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या उबेच्या जरा खाली वितळतं आणि वितळताना जिभेची उष्णता ओढून घेतं. एक गारवा खरा, एक भासाचा, आणि दोन्ही एकाच क्षणी. शिवाय मेंथॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, चरबीत छान विरघळतं. त्यामुळे वितळलेल्या कोको बटरबरोबर ते तोंडभर सावकाश पसरतं. लहानपणीची पांढरी पेपरमिंटची गोळी चरचरते आणि ही वडी चरचरत नाही, यामागचं कारणही तेच. कवच जाड झालं तर वितळायला उशीर लागतो आणि हा मेळ चुकतो. पुन्हा मुद्दा पातळपणावरच येतो.

प्रश्न : गच्चीतल्या कुंडीतला ताजा पुदिना वाटून, गाळून रस घातला. वड्यांना पाल्याचा वास आला, क्रीम काळपट पडलं आणि गारवा मुळीच नाही. काय चुकलं? (सहकारनगर)

जात चुकली. आपण चटणीला वापरतो तो पुदिना बहुतेक वेळा मेंथा स्पायकाटा असतो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या घटकाचा, त्यात मेंथॉल नावापुरतंच. चॉकलेटात लागतो तो पेपरमिंट, म्हणजे मेंथा पिपेरिटा. हा स्पायकाटा आणि पाणथळ जागी वाढणारा दुसरा एक पुदिना यांचा संकर आहे. याच्या तेलात मेंथॉल मुबलक असतं. इंग्लंडमध्ये त्याची मोठी लागवड लंडनजवळच्या मिचम गावी होत असे. शिवाय पानांचा रस म्हणजे पाणी आणि हरितद्रव्य. पाण्यानं क्रीम सैल पडतं आणि हरितद्रव्य काळवंडतं. रस वाढवून किंवा आटवून काही हाती लागणार नाही.

खाण्याच्या दर्जाचं पेपरमिंट तेल घ्या. २५० ग्रॅम फाँडंटला ५ थेंब पुरतात, फार तर ६. ८ थेंबांना वडी खोकल्याच्या गोळीसारखी लागते. पेपरमिंट इसेन्स असेल तर अर्ध्या चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा, कारण इसेन्स तेलापेक्षा बराच सौम्य असतो आणि ब्रँडागणिक बदलतो. खायच्या दर्जाचा उल्लेख नसलेलं, अंगाला लावायचं किंवा वासाचं तेल वापरू नका.

काहींनी पुदिन्याच्या फुलाबद्दल विचारलं आहे. आयुर्वेदिक दुकानातलं पुदिना फूल म्हणजे मेंथॉलचे स्फटिक. ते मेंथा आर्व्हेन्सिस या तिसऱ्या जातीपासून काढतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूँ, रामपूर भागात याची प्रचंड शेती आहे, आणि लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेनं तिच्यासाठी सुधारित वाण दिले आहेत. स्फटिकांनी गारवा मिळतो, पण पेपरमिंट तेलातले बाकीचे सुगंध नसल्यानं चव एकसुरी लागते. एवढे बारीक स्फटिक घरी तोलणंही कठीण. चॉकलेटासाठी आम्ही ते सुचवणार नाही.

प्रश्न : अंड्याशिवाय, घरच्या गॅसवर, आतून पातळ होणारी पेपरमिंट वडी कशी करायची? मापं आणि तापमान नेमकं सांगा. (बिबवेवाडी, कर्वेनगर आणि चिंचवडच्या वाचकांचा मिळून)

दोन दिवसांचं काम धरा. पहिल्या दिवशी फाँडंट, दुसऱ्या दिवशी वड्या. साखरेचा थर्मामीटर आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल. दोन्ही वस्तू आणि लिक्विड ग्लुकोज रविवार पेठेत बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. थोडं इन्व्हर्टेज मात्र मागवून घ्यावं लागेल.

फाँडंटसाठी ५०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी आणि ७५ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. उकळी आली की हलवणं कायमचं बंद. पातेल्याच्या कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशनं खाली उतरवा. यातला एक कण जरी पाकात राहिला, तरी त्याच्याभोवती साखर जमून सगळा पाक रवाळ होतो.

आता पुण्याचा मुद्दा. पुस्तकात ११५ अंश लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. म्हणून पाकही २ अंश आधी, म्हणजे ११३ अंशांना उतरवा. ११५ ला उतरवलेला पाक इथे जास्त आटलेला असतो, फाँडंट कडक होतं आणि लाटताना भेगा पडतात. थर्मामीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो उकळत्या पाण्यात धरून पाहा. ९८ दाखवायला हवेत. कमी-जास्त दाखवले, तर तेवढा फरक धरून चाला. हाताच्या परीक्षेत हा आपला मऊ गोळीबंद पाक, थंड पाण्यात टाकल्यावर बोटांत दबणारी गोळी होणारा.

पाक पाण्यानं ओलसर केलेल्या स्टीलच्या परातीत ओता. पातेलं खरवडू नका. परात न हलवता पाक ५० अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे परातीच्या बुडाला तळहात सहज टेकवता येईल इतका. नंतर लाकडी उलथन्यानं कडेकडून मध्याकडे घोटत राहा. १० ते १५ मिनिटांत पारदर्शक पाक दुधी होतो, मग एकदम पांढरा आणि घट्ट. कोरडा भुगा झाल्यासारखं वाटलं तरी घाबरू नका, हाताला पाणी लावून मळलं की गोळा मऊ होतो.

इथे संक्रांतीचा काटेरी हलवा आठवावा. हलव्यात आपण एकेक थेंब पाक घालून, सावकाश, मुद्दाम मोठा स्फटिक वाढवतो, म्हणून काटा येतो. फाँडंटमध्ये नेमकं उलट करायचं असतं. पाक निववून एकदम घोटला, की असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी तयार होतात आणि एकालाही वाढायला साखर उरत नाही. ते जिभेला कळत नाहीत इतके बारीक असतात. पाक गरम असतानाच घोटला तर स्फटिक मोजके आणि मोठे होतात, आणि क्रीम दाताखाली कचकचतं. ज्यांच्या पत्रात ‘रवाळ झालं’ अशी तक्रार आहे, त्यांतल्या बहुतेकांनी घाई केली आहे. बिघडलेलं फाँडंट टाकू नका. १५० मिली पाणी घालून पुन्हा विरघळवा आणि पुन्हा ११३ अंशांपर्यंत न्या.

गोळा हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी २५० ग्रॅम घ्या, उरलेलं महिनाभर टिकतं. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ते ५० अंशांपर्यंत मऊ करा. त्यात ५ थेंब पेपरमिंट तेल, लिंबाच्या रसाचे ३-४ थेंब आणि पाव चहाचा चमचा द्रव इन्व्हर्टेज मिसळा. बाटलीवर वेगळं माप असेल तर तेच पाळा. लिंबू यासाठी, की इन्व्हर्टेजला थोडी आंबट बाजू मानवते. ६० अंशांच्या वर मात्र जाऊ देऊ नका, त्यापुढे विकर निकामी होत जातं.

पिठीसाखर भुरभुरवलेल्या दोन बटर पेपरांमध्ये हे मिश्रण अडीच मिलिमीटर जाडीचं लाटा. दोन्ही बाजूंना तेवढ्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवर लाटणं फिरवलं, की जाडी सगळीकडे सारखी येते. वरच्या बाजूवर वितळलेल्या चॉकलेटचा अगदी पातळ हात ब्रशनं फिरवा. तो सुकला की थर उलटा करा आणि ४ सेंटिमीटरचे चौकोन कापा. हा पहिला हात म्हणजे वडीचा तळ. हा न देता बुडवलेल्या वड्या खालून गळतात. साधारण ४० ते ४४ चौकोन होतील. दोन तास उघडे ठेवा, म्हणजे पृष्ठभाग कोरडा होईल. फ्रिजमध्ये ठेवू नका.

चॉकलेट ३०० ग्रॅम घ्या, ५५ ते ६० टक्के कोको असलेलं, कोको बटरचं. त्यातलं २०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या कोरड्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवा. खालचं पाणी उकळतं नको, कारण वाफेचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट आकसून गोळा होतं. भांडं उतरवून उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि ३१ ते ३२ अंशांवर येईपर्यंत हलवत राहा. कोको बटर सहा वेगवेगळ्या रचनांत गोठू शकतं. चकाकी आणि ‘कट्’ आवाज त्यांतल्या एकाच रचनेत मिळतो, आणि न वितळलेल्या चॉकलेटचे तुकडे त्या रचनेचं विरजण लावतात. यालाच टेंपरिंग म्हणतात. सुरीच्या टोकावर घेतलेला थेंब ५ मिनिटांत चकचकीत सुकला, तर तयार. लिबलिबीत राहिला किंवा रेघा उमटल्या, तर आणखी चिरलेलं चॉकलेट घालून हलवा.

एकेक चौकोन काट्यावर घेऊन बुडवा, काटा भांड्याच्या कडेवर तीन-चारदा आपटा, म्हणजे जादा चॉकलेट गळून जाईल, आणि वडी बटर पेपरवर सरकवा. खोली २० ते २२ अंशांची हवी. म्हणून पुण्यात हे काम नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी या दिवसांत करावं. जानेवारीत खोली १८ अंशांच्या खाली गेली तर चॉकलेट काट्यावरच जाड होतं, तेव्हा पहाटे न करता दुपारी करा. एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय हात घालू नये. पावसाळ्यात फाँडंट हवेतलं पाणी ओढून चिकट होतं.

वड्या हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कपाटात १० ते १४ दिवस ठेवा. तेवढी वाट पाहणं हाही कृतीचाच भाग आहे.

प्रश्न : कृती तीच केली, पण दोन आठवड्यांनीही आतलं क्रीम घट्टच. आणि मैत्रिणीच्या वड्या फुटून पाक बाहेर आला. (बाणेर)

घट्ट राहण्याची तीन कारणं असू शकतात. विकर गरम मिश्रणात घातलं, वड्या फ्रिजमध्ये ठेवल्या, किंवा बाटली जुनी होती. फ्रिजच्या थंडीत इन्व्हर्टेज जवळजवळ थांबतं. वड्या बाहेर २२ ते २५ अंशांत ठेवून आणखी आठवडाभर थांबा, बहुधा सुधारेल. बाटली मात्र कायम फ्रिजमध्येच असावी.

फुटण्याची कारणं वेगळी. वासानं ओळखता येतं. वास नेहमीचाच असेल, तर कवचाला टाचणीएवढं छिद्र राहिलं होतं किंवा तळाचा हात दिला नव्हता. गार चौकोन बुडवले असतील, तरी आतलं क्रीम खोलीच्या उबेला येताना फुगतं आणि कवच तडकवतं. पण आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर आत यीस्ट वाढलं आहे, वड्या टाकून द्या. साखरेच्या पाकात विरघळलेला घन भाग ७५ टक्क्यांच्या वर असेल तर यीस्टला त्यात जगता येत नाही. मळताना किंवा मऊ करताना सढळ हातानं पाणी घातलं की हे प्रमाण खाली येतं. २५० ग्रॅमला एक चहाचा चमचा पाणी, ही कमाल मर्यादा समजा.

विकर घालायचंच नसेल तरी चालतं. क्रीम मऊसूत राहील, वाहणार नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी तसंच करावं असं आम्हाला वाटतं, एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, कंपाउंड घ्या, टेंपरिंगची कटकट नाही. (हडपसर)

कटकट नाही हे खरं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नेलसारखी चरबी असते. नुसतं वितळवलं, बुडवलं, की सुकतं, आणि उन्हाळ्यात जास्त तग धरतं. पण तिची वितळण्याची रीत वेगळी. तोंडात चटकन विरघळण्याऐवजी टाळूवर मेणचट थर राहतो, आणि मेंथॉल त्या थरात अडकून बसतं. ज्या दुहेरी गारव्यासाठी ही वडी करायची, तोच निघून जातो. मुलांबरोबर गंमत म्हणून करायच्या असतील तर कंपाउंड ठीक. जेवणानंतर पाहुण्यांपुढे ठेवायच्या असतील तर नको.

विकतचं घेताना घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. कोको बटर आणि कोको मास आधी दिसतात की वनस्पती चरबी, एवढं पाहिलं तरी पुरतं.

प्रश्न : फ्रिजमधून काढलेल्या वड्यांवर पांढरे डाग पडतात. बुरशी आहे का? (वारजे)

नाही. डाग खरखरीत असेल तर ती साखर आहे. गार वडीवर हवेतलं पाणी जमलं, त्यात साखर विरघळली आणि पाणी उडाल्यावर मागे राहिली. डाग तुळतुळीत आणि बोटानं पुसला जाणारा असेल तर कोको बटर वर आलं आहे, म्हणजे वडी कधीतरी तापून पुन्हा गोठली. दोन्ही खायला सुरक्षित. उन्हाळ्यात फ्रिजला पर्याय नसतो, म्हणून डबा हवाबंद असू द्या आणि बाहेर काढल्यावर दीड तास उघडू नका. बाहेरचा दमट वारा डब्यावर पाणी धरेल, वडीवर नाही. हा डबा चहा, मसाले आणि इतर चॉकलेटांपासून लांब हवा. आठवड्याभरात सगळ्यांना पेपरमिंटचा वास लागतो, आणि लसणीचा वास वडीला.

प्रश्न : पुदिना पाचक असतो, मग जेवणावर दोन-तीन वड्या औषधासारख्या चालतील ना? मधुमेह असेल तर? (कसबा पेठ)

औषध म्हणून नको. पेपरमिंट तेलाच्या खास वेष्टनातल्या कॅप्सूल आतड्याच्या काही तक्रारींवर डॉक्टर देतात, पण त्या आतड्यात जाऊन उघडतात. वडीतलं पेपरमिंट अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल करतं, चॉकलेटही तेच करतं. ज्यांना ॲसिडिटीचा, घशाशी येण्याचा त्रास आहे, त्यांना जेवणावरच्या या वडीनं जळजळ वाढू शकते, विशेषतः लगेच आडवं झाल्यास. वर दिलेल्या मापाच्या एका वडीत सुमारे ६ ग्रॅम साखर येते, सव्वा चहाचा चमचा. मधुमेहींनी ती दिवसाच्या हिशेबात धरावी. तान्ह्या बाळांना मेंथॉलचं काहीही चाटवू नये, त्यांचा श्वास अडखळू शकतो. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, चॉकलेट त्याला विषारी असतं.

प्रश्न : घरी तीस माणसांचं जेवण आहे. विड्याऐवजी या वड्या ठेवायच्या आहेत. किती लागतील, कशा मांडाव्या? (एरंडवणे)

माणशी दोन धरून ६०, वर १० जादा. वर दिलेल्या मापाचे दोन घाणे करा. जेवणाच्या तीन आठवडे आधी केल्या तर मुरायला वेळ मिळेल. थंडीत डबा बाहेरच असू द्या. बाकीच्या दिवसांत पानं मांडतानाच डबा फ्रिजमधून काढून बंद ठेवा. बटर पेपरचे ५ बाय १० सेंटिमीटरचे तुकडे दुमडून पाकिटं करता येतात, वड्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि बोटांचे ठसे उमटत नाहीत.

पुरणपोळी, बासुंदी किंवा मसालेदार बिर्याणीनंतर ही वडी फार छान लागते. आमरसाच्या जेवणावर ठेवू नका, मेंथॉल आंब्याचा सुगंध झाकून टाकतं. विडाही ठेवणार असाल तर वडी आधी फिरवा आणि विडा अर्ध्या तासानं. कात-चुन्यानं तुरट झालेल्या तोंडाला चॉकलेटची चव लागत नाही. कॉफी देणार असाल तर बिनसाखरेची द्या, आणि वड्यांचं ताट कपांच्या वाफेपासून हातभर दूर ठेवा.